मण्यात पाणी उतरतं तेव्हा

फेब्रुवारीत वाशीच्या फळबाजारातून काळ्या द्राक्षांची पेटी घरी आली की त्यातला एक मणी बाजूला काढून नखानं अलगद सोलावा. आतून हिरवट, काचेसारखा गर निघतो. बोटाला लागतो तो जांभळा डाग सालीचा. गर वाटीत कुस्करला तर रस लिंबाच्या सरबतासारखा फिका दिसतो. मग ती सोललेली साल एकटीच चावून पाहावी. क्षणभर काही जाणवत नाही, आणि मग हिरड्यांना, जिभेच्या कडांना हलका तुरटपणा धरतो.

रेड वाइनचा बहुतेक सगळा जीव या सालीत असतो. रंग सालीतला, तुरटपणा साल आणि बियांतला, वासाचा मोठा वाटाही सालीलगतचा. म्हणून रेड वाइन करताना रस आधी गाळून घेत नाहीत. मणी फोडून साल-बियांसकट आंबवतात आणि आठवडाभर ते तीन आठवडे साल रसात राहू देतात. वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर तो वाळतो, त्यात आंबूस व्हिनेगरचा वास धरतो आणि रंगही उतरत नाही. त्याच काळ्या द्राक्षांचा रस तोडणीनंतर लगेच पिळून वेगळा केला तर वाइन पांढरी होते. शॅम्पेनमध्ये पिनो न्वार या काळ्या वाणाचं नेमकं हेच करतात.

बाजारातलं द्राक्ष मात्र वाइनचं नव्हे. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल आणि बी नको, म्हणून त्याची विरळणी करतात, जीए (जिबरेलिक आम्ल) या वाढीच्या संजीवकाचे हात देतात, मणी फुगवतात. वाइनला नेमकं उलटं हवं असतं. समजा खाण्याचा मणी वीस मिलिमीटरचा आणि वाइनचा बारा मिलिमीटरचा आहे. गोलाचं साधं गणित केलं तर तेवढ्याच रसामागे बारीक मण्यात साल दीडपटीहून जास्त मिळते. आणि अनेकांना उलटं वाटतं, पण वाइनचं द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा बरंच गोड असतं. खाण्याची द्राक्षं साधारण १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा माप) तोडतात, रेड वाइनची २३ ते २५ ला. लिटरभर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होतं, तेव्हा २४ ब्रिक्सच्या रसाची वाइन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जाते.

इथवर सगळ्या काळ्या वाणांचं सारखंच. फरक पडतो तो पिकण्यात. नाशिकच्या बागायतदारांकडे त्या क्षणासाठी फार नेमका शब्द आहे: पाणी उतरणं. तोवर मणी हिरवा, टणक, नुसता आंबट. मग चार-आठ दिवसांत तो मऊ पडतो, काळ्या वाणाच्या घडात एकेक मणी लालसर, मग जांभळा होत जातो. तिथून घडात तीन वेगवेगळी घड्याळं चालू होतात. साखर चढते. आंबटपणा उतरतो. आणि साल-बिया पिकतात, म्हणजे रंग भरतो, तुरटपणाचा कचकचीतपणा जातो, कच्चे हिरवे वास विरतात. ही तिन्ही घड्याळं एका वेळेला बाराच्या ठोक्यावर आली तर वाइन चांगली होते. पण ती एका वेगानं चालत नाहीत. वाण म्हणजे या घड्याळांची मूळ घडण, आणि मुलूख म्हणजे त्यांना मिळणारी हवा. रेड वाइनकडे असं पाहिलं की लेबलावरची बरीच गूढ नावं सरळ होतात.

वाणापासून सुरुवात करू. काबर्ने सोविन्यों हा काबर्ने फ्रां आणि सोविन्यों ब्लां यांचा संकर. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी डीएनए जुळवून ते दाखवलं. मणी बारीक, साल जाड, बी मोठं, पिकायला उशीर. त्याच्या कच्च्या मण्यात पायराझीन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याचा वास थेट ढोबळी मिरचीचा. ढोबळी मिरचीतही तेच असतं. मणी पिकत जातो, घडावर ऊन पडतं, तसतसा तो वास विरत जातो. काबर्नेच्या ग्लासात ढोबळी मिरची ठसठशीत आली तर समजावं की द्राक्ष लवकर तोडलं किंवा वेलीवर पानांची गर्दी होऊन घड सावलीत राहिले.

फ्रान्समधल्या बोर्दोनं हा प्रश्न जमिनीवर सोडवला. नदीच्या डाव्या तीरावर मेडॉकमध्ये गोट्या-वाळूची जमीन आहे. पाणी झरझर खाली जातं, गोटे तापतात, उशिरा पिकणाऱ्या काबर्नेला ऑक्टोबरच्या आधी ऊब मिळते. उजव्या तीरावर पॉमेरोलमध्ये चिकणमाती, थंड आणि ओल धरणारी. तिथे काबर्ने अनेक वर्षी अर्धवट राहील, म्हणून लवकर पिकणारा मेर्लो. तासाभराच्या अंतरावर दोन भाग, हवा जवळपास तीच, आणि वाण बदलला तो मातीच्या निचऱ्यामुळे. माती वाइनला 'खनिजांची चव' देते असं सर्रास लिहिलं जातं. माझ्या मते मातीचं खरं काम पाणी किती धरायचं आणि ऊब किती द्यायची हे ठरवण्याचं आहे, आणि ते काम काही लहान नाही.

वाण ओळखण्यात चूक झाली तर काय होतं याचं उदाहरण चिलीत आहे. तिथे मेर्लो म्हणून लावलेल्या वेलींमध्ये कारमेनेर नावाचा बोर्दोचाच जुना वाण मिसळलेला होता, हे १९९४ साली एका फ्रेंच द्राक्षतज्ज्ञानं ओळखलं. कारमेनेर मेर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकतो. इतकी वर्षं दोन्ही एकदम तोडत होते, त्यामुळे बराच माल कच्चा जायचा आणि वाइनला हिरवा वास यायचा. बाग तीच, माणसं तीच. वाण वेगळा ओळखून उशिरा तोडायला लागल्यावर वाइन बदलली.

शिराझचं, फ्रान्समधल्या सिराहचं, वैशिष्ट्य म्हणजे काळी मिरी. हा नुसता कल्पनेचा वास नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचं रोटंडोन हे द्रव्य शोधलं, आणि आपल्या डब्यातल्या मिऱ्यांना त्यांचा वास येतो तोही त्याच द्रव्यामुळे. चाखणाऱ्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला तो वासच येत नाही, तेव्हा शेजारच्याला मिरी जाणवली आणि आपल्याला नाही तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. रोटंडोन थंड हवेत जास्त साठतं. म्हणून उत्तर ऱ्होनच्या ग्रॅनाइटी उतारांवरच्या सिराहमध्ये मिरी आणि ऑलिव्हसारखा खारट वास पुढे असतो, तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण बारोसातल्या शिराझमध्ये मिरी मागे पडते आणि शिजवलेल्या जांभळासारखा गोड वास, चॉकलेट, जड अंग पुढे येतं. वाण एक, नावं दोन, आणि मधला सगळा फरक उन्हाचा.

पिनो न्वार याच्या दुसऱ्या टोकाला. साल पातळ, पिकायला लवकर, उष्णता मिळाली की चार दिवसांत मुरांब्याकडे झुकतो. म्हणून तो फ्रान्समधल्या बर्गंडीच्या थंड, चुनखडीच्या उतारांवर रमतो. तिथे एकाच टेकडीवरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांना वेगळी नावं आहेत, आणि त्या पट्ट्यांना २०१५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा मानलं. नेबिओलो तर डोळ्यांना फसवतो. इटलीत बारोलो गावाभोवती पिकणाऱ्या या वाणाची वाइन फिकी, विटकरी कडेची दिसते. पाहणाऱ्याला वाटतं हलकी असेल. घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. गडद रंग म्हणजे जड वाइन हा नियम इथे मोडतो.

मेंदोसाचा माल्बेक उंचीचा खेळ दाखवतो. मूळचा फ्रान्समधल्या काओरचा हा वाण तिथे काळपट आणि राकट. अर्जेंटिनात तो अँडीजच्या पायथ्याशी हजार मीटरच्या आसपास, काही ठिकाणी दीड हजारांपर्यंत वाढतो. दिवसा प्रखर ऊन, साल जाड होते, रंग भरतो. रात्री गारठा, आंबटपणा टिकतो. तुरटपणा असतो, पण मखमली.

रात्रीचा गारठा हे या सगळ्यातलं सर्वांत कमी लक्षात येणारं कलम आहे. द्राक्षात दोन आम्लं मुख्य. टार्टारिक, जे आपल्या चिंचेत असतं, आणि मॅलिक, जे सफरचंदात असतं. मणी रात्रंदिवस श्वास घेत असतो आणि त्या श्वासात मॅलिक जाळत असतो. रात्र उबदार असेल तर जास्त जाळतो. टार्टारिक टिकाऊ, पण जमिनीत पोटॅश जास्त असेल तर ते त्याला धरून खाली बसवतं. दोन्ही गेली की रसाचा सामू वाढतो. ३.५ च्या आसपासची रेड वाइन तजेलदार असते. ३.८ च्या पुढे गेली की रंग मंद आणि निळसर पडतो, गंधक टाकूनही जंतू आवरत नाहीत, आणि बाटली वर्षभरात सपाट होते. मग वाइनरीत रसात लिटरमागे एक-दोन ग्रॅम टार्टारिक घालून ती उणीव भरावी लागते. उष्ण मुलखात यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ते आंबवण्याआधी घातलं तर चवीत मुरतं, मागाहून घातलं तर जिभेला वेगळं टोचतं. आंबवून झाल्यावर उरलेलं मॅलिक जिवाणू लॅक्टिकमध्ये बदलतात, म्हणजे दह्यातल्या आम्लात, आणि रेड वाइनचा आंबटपणा गुळगुळीत होतो. चिंच, सफरचंद, दही. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही हे तीन आंबटपणे वेगळे सांगायला नकोत.

आता ठाण्याहून कसारा घाट चढून नाशिककडे. ठाण्यात द्राक्षाची बाग का नाही, याचं उत्तर या दीडशे किलोमीटरमध्ये आहे. ठाण्याला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर्षभर दमट हवा, आणि जानेवारीतही पारा पंधराच्या खाली क्वचित उतरतो. घाटमाथा ओलांडून पूर्वेला सरकलं की पाऊस झपाट्यानं आटतो, नाशिक-दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात तो यातल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उरतो. उंची सहाशे मीटरच्या घरात. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-३० अंश आणि पहाटे दहा किंवा त्याहून खाली. वाइनचा अभ्यास करणारी जुनी पुस्तकं चांगल्या वाइनचा पट्टा ३० ते ५० अक्षांशांमध्ये आखतात. नाशिक वीस अंशांवर आहे. ते जमतं ते उंचीमुळे, पर्जन्यछायेमुळे, आणि कात्रीमुळे.

कात्रीचं महत्त्व युरोपातल्या माणसाला पटकन कळणार नाही. तिथे वेल हिवाळ्यात आपोआप झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, सोडली तर वर्षभर पानं धरत राहील. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ज्यातून पुढच्या पिकाची काडी आणि तिच्या डोळ्यांतले घड तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ज्यातून फळ येतं. छाटल्यावर टोकाचे डोळे आधी फुटून बाकीचे दबू नयेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड डोळ्यांना लावतात. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच, आणि त्या दिवसांत दारू घेतलेल्या माणसाला त्याचा त्रास फार होतो. यातलं सगळ्यात मोठं ठरवणं म्हणजे गोडी छाटणीची तारीख. सप्टेंबरमध्ये लवकर छाटलं तर कोवळी फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो, केवडा हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात. ऑक्टोबर संपता संपता छाटलं तर पाऊस टळतो, पण पिकण्याचे शेवटचे आठवडे मार्चच्या झळांत जातात. बर्गंडीचा माणूस टेकडीवरचा पट्टा निवडतो. नाशिकचा माणूस पंचांगावरचा आठवडा निवडतो. त्याचा मुलूख जमिनीइतकाच तारखेतही असतो.

आणि इथेच आपल्या रेड वाइनचा मूळ पेच आहे. फ्रान्स-इटलीत ऑगस्टमध्ये पाणी उतरतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस थंड होत असताना द्राक्ष पिकतं. साखर सावकाश चढते, साल-बियांना वेळ मिळतो. नाशिकला उलटं. पाणी उतरतं भर थंडीत, आणि पीक तयार होतं ते दिवस तापत जाताना. पहिला अर्धा भाग आपल्या फायद्याचा: सालीत रंग भरतो तेव्हा रात्री गार असतात, त्यामुळे नाशिकच्या शिराझला रंगाची उणीव सहसा पडत नाही. नुकसान शेवटच्या तीन आठवड्यांत होतं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर साखर धावत सुटते, ब्रिक्समापक २४ दाखवतो, आणि बी फोडून पाहावी तर अजून हिरवट. साखरेवर विसंबून तोडलं तर वाइन एकाच वेळी कडक आणि कच्ची होते, अल्कोहोल चौदा टक्के आणि तुरटपणा मात्र कच्च्या केळ्याच्या सालीचा. बी पिकण्याची वाट पाहत थांबलं तर आंबटपणा गेलेला, वास मनुक्यांचा.

म्हणून बागेत फिरताना मापकाआधी मणी तोंडात टाकावा. गर गिळायचा, साल आठ-दहा वेळा चावायची, बिया तळहातावर घ्यायच्या. पिकलेली बी तपकिरी असते, दाताखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडकन फुटते. हिरवी बी चिवट असते आणि तोंड ओढते. ही परीक्षा बागेच्या एका कोपऱ्यात करून उपयोग नाही, उताराच्या वर, खाली आणि मधे, सावलीच्या आणि उन्हाच्या दोन्ही बाजूंचे घड घ्यायचे.

याच कारणानं शिराझ नाशिकला बरा बसला आहे. छाटणीपासून साधारण साडेचार-पाच महिन्यांत तो हातात येतो, काबर्ने त्याच्याही मागे रेंगाळतो. काबर्ने तिथे होत नाही असं नाही, पण लवकर छाटणीचा धोका घेणाऱ्याला आणि ऊन अचूक हाताळणाऱ्यालाच तो चांगला साधतो. घडाभोवतीची पानं पूर्वेच्या, सकाळच्या उन्हाच्या बाजूनं काढायची, म्हणजे ढोबळी मिरची जाते. पश्चिमेची ठेवायची, नाहीतर दुपारचं ऊन मणी भाजून काढतं. डॉगरिजसारख्या जोमदार खुंटावर कलम असेल आणि जमीन काळी कसदार असेल तर पानांचं रान माजतं आणि सगळं बिघडतं. वाइनला मुरमाड, हलकी जमीनच चांगली. झिनफंडेलची वेगळीच खोड: एकाच घडात काही मण्यांचा बेदाणा झालेला आणि काही अजून आंबट. तोडणीत माणसं कमी पडली की ते सगळं एकाच टाकीत जातं. अकलूजच्या बाजूला, जास्त कोरड्या आणि उष्ण हवेत, सांजोवेझे लावला गेला. आंबटपणा धरून ठेवणारा वाण उष्ण मुलखात नेणं हा शहाणा विचार आहे. पिनो न्वार मात्र आपल्या पठारावर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ठाण्याच्या दुकानात फळीसमोर उभं राहिल्यावर यातलं काय कामाचं? आपल्याकडच्या लेबलावर वाण लिहिलेला असतो, जुन्या युरोपच्या लेबलावर गाव. गावाचं नाव वाणात वाचायला शिकावं. बारोलो म्हणजे शंभर टक्के नेबिओलो. कियांती क्लासिको म्हणजे किमान ऐंशी टक्के सांजोवेझे. बर्गंडीची रेड म्हणजे जवळजवळ नेहमीच पिनो न्वार, रिओहा म्हणजे बहुतांशी टेम्प्रानिलो. आयात बाटली न्हावा-शेवा बंदरातून, बहुधा उन्हात तापलेल्या कंटेनरमधून आलेली असते. बूच मानेबाहेर किंचित उचललेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर ती बाटली तापलेली आहे, घेऊ नये. दिव्याखाली उभ्या ठेवलेल्या वरच्या फळीपेक्षा खालच्या, अंधाऱ्या फळीतली मागावी.

घरी माळ्यावर, गॅसशेजारी किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात ३२-३३ अंश सहज होतात. वाइनची खास पेटी नसेल तर त्यापेक्षा फ्रिजचा खालचा कप्पा बरा. रेड वाइन 'घरातल्या तापमानाला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे, आपल्या टू-बीएचकेचा नाही. तीस अंशाला अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दबतो, आणि चांगली शिराझही भडक लागते. तिला १६ ते १८ अंश हवेत, पिनोसारख्या हलक्या वाइनला १३-१४. तीस अंशाची बाटली फ्रिजमध्ये सव्वा-दीड तास ठेवली की तिथे पोचते, बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटांत. जेवणात झणझणीत मटण असेल तर तुरट काबर्ने नको. तिखट आणि तुरट एकमेकांना चढवतात. त्यापेक्षा फळाळ शिराझ थोडी जास्त गार करून. सुरमई-पापलेटबरोबर जड रेड नकोच, तोंडात लोखंडाची चव येते.

वाण आणि मुलूख वेगळे करून पाहायचे असतील तर तीन बाटल्या आणाव्यात: नाशिकची शिराझ, नाशिकचीच काबर्ने, आणि बारोसाची किंवा ऱ्होनची शिराझ. पहिल्या दोघींत मुलूख एक, वाण वेगळा. पहिली आणि तिसरीत वाण एक, मुलूख वेगळा. ओकच्या पिंपात फार न मुरवलेल्या निवडाव्यात, कारण व्हॅनिला, सुकं खोबरं, लवंग हे वास पिंपाचे असतात आणि ते वाण किंवा गावाच्या नावावर खपून जातात. प्रत्येकीचं पन्नास मिलिलिटर सारख्या आकाराच्या ग्लासात, तिन्ही एका तापमानाला, खाली पांढरा कागद. आधी ग्लास तिरका करून कडेचा रंग. मग वास, आधी न हलवता, मग गोल फिरवून. घोट तोंडात पाच-सहा सेकंद धरायचा. लाळ सुटते तो आंबटपणा, हिरड्या कोरड्या होतात तो तुरटपणा, घशाशी ऊब येते ते अल्कोहोल. प्रत्येक ग्लासापुढे तीन आकडे मांडायचे, पाचपैकी. काबर्नेत ढोबळी मिरची शोधायची, दोन्ही शिराझमध्ये मिरी. डब्यातले दोन मिरे ठेचून बशीत शेजारी ठेवले तर नाकाला सोपं जातं. उरलेल्या बाटल्या झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि दुसऱ्या संध्याकाळी, कालचा कागद न बघता, पुन्हा आकडे मांडायचे.